२८ मेला वाटलेले पॅड जूनमध्ये वाळणार कुठे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मे महिन्याचा शेवटचा आठवडा आला की ठाणे आणि नवी मुंबईत कापडी पॅड वाटपाचे कार्यक्रम सुरू होतात. २८ मे हा मासिक पाळी स्वच्छता दिन. २०१४ पासून तो पाळला जातो. पाळी साधारण पाच दिवसांची म्हणून पाचवा महिना आणि चक्र २८ दिवसांचे म्हणून २८ तारीख. कल्पना चांगली, पण ती ठरवणाऱ्यांनी कोकणपट्टीतला पाऊस पाहिलेला नसावा. मुंबई परिसरात मान्सून दाखल होण्याची सरासरी तारीख ११ जून. म्हणजे जी वस्तू चालणार की नाही हे निव्वळ वाळण्यावर ठरते, ती आपण बाईच्या हातात ठेवतो पावसाच्या चौदा दिवस आधी. जुलैपर्यंत एखाददुसरी पाळी होते, पॅड ओलसर राहतो, त्याला कुबट वास येतो आणि तो कपाटाच्या तळाशी जातो. ‘कापडी पॅड काही खरे नाहीत’ हे मग शेजारणीलाही कळते.

कापडी पॅड शिवणाऱ्या आणि वापरायला शिकवणाऱ्या आम्ही काही जणी हे पत्र लिहीत आहोत ते कापडाच्या विरोधात नव्हे. एकदा वापरून फेकायचा पॅड उसवून पाहिला तर वर प्लास्टिकची जाळी, मध्ये लाकडाच्या लगद्याचा पिंजलेला थर आणि ओल शोषणारे सोडियम पॉलिअॅक्रिलेटचे दाणे, खाली पॉलिथिन आणि गोंद असे निघते. ते कुजत नाही आणि ओले असल्याने धड जळतही नाही. रीसायकल होणारे साहित्य वापरा, नाहीतर विल्हेवाटीची पिशवी पाकिटासोबत द्या, असे घनकचरा नियमांनी उत्पादकांना २०१६ सालीच सांगितले होते. तरी आपल्याकडे कागदात गुंडाळलेला पॅड सुक्या कचऱ्यात जातो आणि तुर्भ्याच्या कचराभूमीवर किंवा आणखी कुठे पोचण्याआधी तो कोणाच्या तरी उघड्या हातांनी वेगळा केला जातो. हे कमी व्हायलाच हवे. पण त्यासाठी पाकीट वाटून फोटो काढणे पुरत नाही.

कापड तसे गेलेच कुठे होते? २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते २४ वयाच्या सुमारे निम्म्या मुलींनी कापड वापरत असल्याचे सांगितले. त्यातल्या अनेकजणी पॅडही वापरतात. अडचण कापडाची नाही, ते लपवण्याची आहे. ओडिशातील रुग्णालयांत आलेल्या स्त्रियांचा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. कापड वापरणाऱ्यांमध्ये कॅन्डिडा या बुरशीचा संसर्ग जास्त आढळला; पण त्यातही कोणत्या सवयींशी तो जोडलेला होता ते पाहा: कापड घराच्या आत वाळवणे आणि संडासात लपवून ठेवणे. दिवा गावातल्या चाळीतली खोली असो की घोडबंदर रोडवरचा विसावा मजला, हीच दोन कामे आपण मुलींना नकळत शिकवत असतो.

आता हिशोब. पहिल्या दोन दिवसांत चोवीस तासांना चार पॅड लागतात, तिसऱ्या दिवशी तीन, पुढे दोन-दोन. नोव्हेंबर ते मे या काळात उन्हात पातळ पॅड पाच-सहा तासांत वाळतो, म्हणजे सकाळी धुतलेला रात्री हाताशी येतो. अशा वेळी सहा-सात पॅड पुरतात. जुलैमध्ये तोच पॅड पंख्याखाली दीड ते दोन दिवस घेतो. पहिल्या दिवशीचे चार तिसऱ्या दिवसाआधी मिळणारच नाहीत. म्हणजे पावसाळ्यात दहा हवेत, अंगावरून जास्त जात असेल तर बारा. वाटपाच्या पाकिटात किती असतात? बहुधा दोन ते चार. चार पॅडवर पावसाळा काढायचा म्हणजे ओलाच पुन्हा लावायचा, याला दुसरा मार्ग नाही. मांड्या सोलवटतात, खाज सुटते आणि दोष कापडाला जातो.

दुसरी चूक पॅडच्या घडणीत असते. दुकानातला बहुतेक कापडी पॅड आठ-दहा थर एकत्र शिवून केलेला असतो. हातात घेतला की मऊ, गुबगुबीत, छान वाटतो. पण पाणी मधल्या थरात आणि शिवणीत अडकून बसते. वरून हात फिरवला तर कोरडा, आत ओला. आपल्या हवेला घडीचा पॅड बरा. त्याचे दोन भाग: निकरला टिचबटणाने बसणारे पातळ आसन आणि त्यावर ठेवायची सुटी घडी. धुताना घडी उलगडली की ती दोनच थरांचा रुमाल होते. रुमाल वाळतो, उशी वाळत नाही. इतके साधे आहे.

बचत गटांना उपयोगी पडावीत म्हणून मापे देतो. आसन २५ सेंटीमीटर लांब, मध्ये ७ सेंटीमीटर रुंद, पंखांसकट १९ सेंटीमीटर. रात्रीचे ३१ लांब आणि मागच्या बाजूला १० पर्यंत रुंद. सुटी घडी तयार झाल्यावर २४ बाय २१ सेंटीमीटरची हवी. तिच्या तीन घड्या घातल्या की २४ बाय ७ चे सहा थर होतात. पहिल्या दिवशी दोन घड्या एकावर एक ठेवाव्यात. शिवणीसाठी धरून एक तुकडा २६ बाय २३ चा कापायचा. ९० सेंटीमीटर पन्ह्याच्या एका मीटर सुती फलालीनमध्ये असे बारा तुकडे बसतात, म्हणजे सहा घड्या. पण कापड आधी धुऊन, वाळवून, आटवून मगच कातरी लावावी. न आटवलेले फलालीन आणि न आटणारे अस्तर एकत्र शिवले की तिसऱ्या धुण्यात पॅड होडीसारखा वळतो, मग तो कितीही इस्त्री करा, सरळ होत नाही. घडीच्या कडेला उलटवून टीप मारू नये, नुसते ओव्हरलॉक, म्हणजे कडेवरून गुंफत जाणारी शिलाई, करावे. उलटवलेल्या कडेला चार थर होतात आणि सगळ्यात शेवटी वाळते ती कडच.

आसनाला खालून पीयूएल म्हणजे पॉलियुरेथेनचा लेप असलेले कापड लावतात. लेपाची चकचकीत बाजू आत. याला टाचण्या लावू नयेत, टाचणीच्या भोकातून डाग उतरतो. कडेला चिमटे लावून काम करावे. सुई ११ नंबरची, विणीच्या कापडाला चालणारी गोल टोकाची. दोरा पॉलिएस्टरचा घ्यावा. सुती दोरा वातीसारखा ओल ओढतो आणि टिपेच्या रेषेतच डाग बाहेर येतो. शोभेसाठी मधोमध आरपार टीप मारणे तर अगदी टाळावे. गळती तिथूनच सुरू होते. टिचबटण प्लास्टिकचे घ्यावे. खाडीकाठच्या दमट हवेत धातूचे बटण गंजते आणि गंजाचे डाग कापडातून निघत नाहीत. वेल्क्रोला कापडाचा कीस चिकटतो, शिवाय तो त्वचेला ओरबाडतो.

विकत घेणाऱ्यांनी वरचा थर नीट पाहावा. हल्ली मऊ म्हणून पॉलिएस्टरची लव असलेले कापड लावतात. आपल्या घामाच्या हवेत ते गरम होते आणि वास धरून ठेवते. शंका असेल तर कडेचा एक धागा काढून काडीने पेटवावा: सुताची राख होते आणि कागद जळल्याचा वास येतो, पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. रंगाबद्दल आमचे मत बाजाराच्या उलट आहे. मरून आणि काळे पॅड डाग दिसू नयेत म्हणून विकले जातात. डाग दिसायलाच हवा, नाहीतर पॅड धुतला गेला की नाही हे कळणार कसे? वरचा थर पांढरा किंवा फिका असावा, फुले-पाने हवीत तर खालच्या बाजूला.

नवा पॅड पाकिटातून काढून लगेच लावू नये. नव्या कापडावर खळ आणि गिरणीतले तेलकट रसायन असते. तीन वेळा धुऊन वाळवल्याशिवाय ते शोषत नाही. चमचाभर पाणी टाकून पाहावे: थेंब वर मोत्यासारखा बसून राहिला तर आणखी एकदा धुवा, पडताच मुरला तर तयार. मग सहा चहाचे चमचे म्हणजे सुमारे ३० मिलिलिटर पाणी सावकाश ओतून मिनिटभर थांबावे आणि पॅड कोऱ्या कागदावर दाबावा. खालून ओल आली नाही तर बाहेर पडायला हरकत नाही. एका पाळीत साधारण ३० ते ८० मिलिलिटर रक्त जाते, त्यामानाने हे माप पुरेसे कडक आहे. पाळीमागून पाळी ८० च्या वर जाते आहे, दर तासा-दोन तासांनी पॅड बदलावा लागतो आहे असे असेल, तर प्रश्न पॅडचा नसून डॉक्टरांकडे जाण्याचा आहे.

धुण्यात सगळ्यात मोठी चूक गरम पाण्याची. रक्तातली प्रथिने उष्णतेने थिजतात आणि धाग्यात पक्की बसतात, अंड्याचा पांढरा भाग तव्यावर थिजतो तशी. गिझरचे पाणी नकोच. मे महिन्यात तर दुपारी गच्चीवरच्या टाकीतून नळालाही कढत पाणी येते; तेव्हा पहाटे भरून ठेवलेल्या बादलीतले वापरावे. आधी नुसत्या गार पाण्याच्या धारेखाली, पाणी फिके होईपर्यंत. मग अर्धा तास गार पाण्यात भिजत, मग वडीचा साबण लावून हाताने चोळणे. ब्रश घासला की फलालीनला गोळे येतात. रात्रभर भिजवायचेच असेल तर पाणी एकदा बदलावे, कारण उन्हाळ्यात तेच पाणी सकाळपर्यंत आंबते. डाग राहिलाच तर औषधाच्या दुकानात मिळणारे ३ टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड थोडे लावून दहा मिनिटांनी धुवावे. फेस येणे साहजिक आहे.

खळबळून काढणे ही पायरी घाईत उडवली जाते. साबण राहिला की दोन गोष्टी होतात: कापड शोषत नाही आणि त्वचा चुरचुरते. शेवटच्या पाण्यात घडी पिळावी. पाणी गढूळ झाले किंवा फेस आला तर आणखी एक पाणी. कपडे मऊ करणारे सुगंधी द्रव घालू नये, ते धाग्यावर मेणचट थर चढवते. क्लोरीनच्या ब्लीचने पीयूएल तडकते. जंतुनाशकात बुडवण्याची हौस अनेकींना असते, तिचीही गरज नाही. साबण, भरपूर गार पाणी आणि ऊन एवढे पुरते, उलट जंतुनाशकाचा अंश नाजूक त्वचेला झोंबतो. एका दिवसाच्या चार-पाच घड्यांना दहा-बारा लिटर पाणी लागते. वाशी-नेरूळला हा आकडा किरकोळ वाटेल. दिवा, मुंब्रा, कळव्याला दुरुस्तीसाठी चोवीस तास पाणी बंद असणे नवे नाही. तिथे पाटी लागली की त्या दिवसापुरते फेकायचे पॅड काढावेत, यात पराभव काही नाही.

आणि वाळवणे. पीयूएलचे आसन पिळू नये, लेप सुटतो. जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळून गुडघ्याने दाबले की निम्मे पाणी तिथेच जाते. धुण्याच्या यंत्रात नुसता पिळण्याचा फेरा पाच मिनिटे लावला तर जुलैतले निदान सहा तास वाचतात. घडी पूर्ण उलगडून, दोन चिमट्यांवर, दोन घड्यांत वीतभर अंतर ठेवून. आसनाची कापडी बाजू उन्हाकडे. वरून परकर किंवा जाड टॉवेल झाकण्याची रीत घरोघर आहे. त्याने आत वाफ कोंडते आणि वाळवण्याचा सारा उद्देश संपतो. झाकायचेच तर दोरीच्या वर दुसरी दोरी बांधून तिच्यावर पातळ ओढणी सोडावी, म्हणजे मधून वारा जातो. गॅसच्या वर किंवा फ्रिजच्या मागे पॅड अडकवू नयेत. आगीची भीती आहेच, शिवाय फोडणीचा तेलकट धूर कापडात बसतो.

पावसाळ्यात पंख्याखाली वाळवून सुती घडीवर शेवटी दोन्ही बाजूंनी कोरडी गरम इस्त्री फिरवावी. पीयूएलला मात्र इस्त्री लावू नये. वाळले की नाही हे बोटाला कळत नाही. कडेची शिवण गालाला लावून पाहावी. गार लागली तर ओल आहे, कारण ओल उडून जाताना उष्णता घेते. वाळलेले पॅड सुती पिशवीत, कपड्यांच्या कपाटात. प्लास्टिकच्या पिशवीत नको, डांबराच्या गोळ्यांजवळ नको आणि न्हाणीघरातल्या फळीवर तर नकोच.

हे सगळे एका गोष्टीवर येऊन अडते: दोरी. ठाण्याच्या नव्या इमारतींत ‘गॅलरीत कपडे वाळत घालू नयेत, इमारतीची शोभा जाते’ अशी नोटीस लिफ्टशेजारी लावलेली असते. बिल्डरने कपडे वाळवायला दिलेल्या ड्राय बाल्कनीला सरकती काच बसवून तिथे धुण्याचे यंत्र आणि कांद्या-बटाट्याची मांडणी आलेली असते. नावात तेवढे ड्राय उरते. गच्चीला कुलूप, किल्ली वॉचमनकडे. कोपरखैरण्याच्या बैठ्या घरांत दोरी असते ती गल्लीवर, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोक्यावर. त्याच दोरीवर बाळाचे वीस लंगोट फडफडत असतात आणि त्यांच्याकडे कोणी वळूनही पाहत नाही. सोसायट्यांना एकच मागणे आहे: सकाळी दहा ते तीन गच्ची उघडी ठेवा, कठडे नीट आहेत ना ते तपासा, एका कोपऱ्यात पत्र्याचे छप्पर आणि त्याखाली चार दोऱ्या बांधा. छप्पर एवढ्यासाठी की सरींच्या मधल्या वाऱ्यातही बरेच वाळते. वार्षिक सभेत हा विषय कार्यक्रमपत्रिकेवर ‘कपडे वाळवण्याची सोय’ एवढ्याच शब्दांत घातला तरी चालेल.

ज्यांना दोरी मिळणारच नाही, वसतिगृहात किंवा सहा जणींच्या भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांना, त्यांना कापडाचा आग्रह करू नये. त्यांना मेन्स्ट्रुअल कप सोयीचा. वैद्यकीय सिलिकॉनचा, योनीमार्गात बसवून त्यात रक्त साठू द्यायचे, जास्तीत जास्त बारा तासांनी रिकामा करून धुवायचा, पाळीच्या आधी आणि नंतर उकळायचा. वाळवायचे काही नाही. तो बसवायला दोन-तीन पाळ्या सराव लागतो, आणि ज्यांना तो नको वाटतो त्यांच्यावर लादू नये. ठाणे-वाशी लोकलने रोज जाणाऱ्या बाईला अर्धे-अर्धेही जमते: बाहेर असताना पहिले दोन दिवस फेकायचा पॅड, घरी आणि रात्री कापडी. वापरलेला पॅड बाहेर बदलला तर आतली बाजू आत दुमडून, टिचबटण लावून, चेनच्या जलरोधक पिशवीत. घरी आल्यावर आधी तो उलगडून पाण्याखाली, मग चहा.

पैशाचे थोडक्यात. चांगला कापडी पॅड दोनशे रुपयांना धरला तर दहाचे दोन हजार. फेकायचे महिन्याला पंधरा, प्रत्येकी आठ रुपये, म्हणजे वर्षाला १,४४०. सतरा महिन्यांत वसूल, आणि नीट वापरला तर पॅड दोन-तीन वर्षे टिकतो. घडीचा घरी शिवला तर याहून लवकर. भारतीय मानक ब्युरोने धुऊन वापरायच्या पॅडसाठी २०२१ मध्ये आयएस १७५१४ हे मानक आणले आहे. घाऊक खरेदी करणाऱ्या कंपन्यांनी आणि संस्थांनी निविदेत निदान त्याचा उल्लेख करावा.

वाटप करणाऱ्यांना विनंती अशी, की कार्यक्रम दिवाळीनंतर ठेवा. नोव्हेंबरात सुरुवात केली तर बाईला सात कोरड्या पाळ्या सरावाला मिळतात आणि जून येईपर्यंत हात बसलेला असतो. पाकिटात चार आसने, दहा घड्या, चेनची पिशवी आणि बारा चिमटे असू द्या. पाकिटे अर्धी झाली तरी चालतील. देण्याआधी एकच प्रश्न विचारा, ‘ताई, वाळवणार कुठे?’ आणि या मे महिन्यात ज्यांच्या हाती पॅड आधीच आले आहेत, त्यांनी ते टाकून देऊ नयेत. ऊन आहे तोवर तीन वेळा धुऊन घ्यावेत, आणि पावसाळाभर फक्त चौथ्या-पाचव्या दिवशी वापरावेत. त्या दिवसांत दोनच लागतात, आणि वाळायला पुढच्या पाळीपर्यंत तीन आठवडे मिळतात.

आपल्या,
कापडी पॅड शिवणाऱ्या व शिकवणाऱ्या काही जणी,
ठाणे व नवी मुंबई